अस्वलाचं मौन

“नेम देवाला सांगायचा, माणसांना नाही. माणसांना सांगितला की त्याचा बाजार होतो.”

हे आमच्या सासूबाईंचं सांगणं. त्या लिंगैक्य होऊन पुष्कळ वर्षं झाली, पण त्यांचा आवाज अजून आमच्या स्वयंपाकघरातच राहतो. दूध उतू जायला लागलं की दुधाआधी तोच ऐकू येतो. म्हणून त्या साली श्रावणात मी मौनाचा नेम धरला तेव्हा कुणाला सांगितलं नाही. दुपारचं जेवण झालं की तोंड मिटायचं, ते संध्याकाळी देवाजवळ दिवा लावल्यावरच उघडायचं. मनात धास्ती होती. घरात विचारतील, गल्लीत कुजबुज होईल, मग कोणत्या खुणा करायच्या? पण कुणाच्या लक्षातच आलं नाही. आमचे हे कचेरीतून यायचे, चहा प्यायचे, साहेबाला नावं ठेवायचे, “हो की नाही?” असं मला विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता पुढचं सुरू करायचे. शेजारच्या सोजरबाई रोज दुपारी माझ्याकडे धान्य निवडत बसायच्या आणि उठताना म्हणायच्या, “अव्वा, तुमच्याशी बोललं की लई बरं वाटतं बगा.”

देवाला नेम कडक वाटावा म्हणून मी तो धरला होता. तो इतका सोपा निघाला याचं जरा वाईटच वाटलं.

तर, अस्वलाकडे येते.

आमचे हे, म्हणजे अण्णाराव, गिरणीच्या कचेरीत हेडक्लार्क. त्या उन्हाळ्यात मावसभावाकडे मुंबईला गेले आणि टेलिव्हिजन बघून आले. सोलापुरात तेव्हा टेलिव्हिजन यायचा होता. काशीहून आलेला माणूस मावंद्याचं जेवण घालतो. यांनी ते घातलं नाही इतकंच, बाकी थाट तोच. रोज संध्याकाळी ओट्यावर गल्लीतली पोरं जमवून एकच पुराण. मुलांच्या कार्यक्रमात एक विदूषक असतो आणि एक अस्वल असतं. विदूषक शहाणा, अस्वल बावळट. विदूषक बोलतो, अस्वल बोलत नाही. विदूषक टपली मारतो, अस्वल पडतं, मुंबईची पोरं हसतात.

“एवढंच?” मी विचारलं. (सकाळ होती.)

“अगं, पण टेलिव्हिजनवर!” हे म्हणाले.

एके दिवशी पोरांनी गाठलंच. “आमाला कदी दावनार?” आमचे हे बोलण्याच्या भरात माणूस, भूमी, आकाश काही बघत नाहीत. म्हणाले, “श्रावणातल्या शेवटच्या रविवारी. याच ओट्यावर. विदूषक, अस्वल आणि टेलिव्हिजन, तिन्ही!”

यातलं एकही आमच्या घरात नव्हतं. निदान तोपर्यंत मला तसं वाटत होतं.

टेलिव्हिजन पहिल्यांदा आला. नव्या पेठेतल्या एका चादरीच्या दुकानातून यांनी परगावी माल पाठवायचा मोठा लाकडी खोका मागून आणला. आत दोन माणसं उभी राहतील एवढा. तो हातगाडीवरून उतरताना बघायला पोरांची झुंबड उडाली. गल्लीच्या टोकाला खाजाभाई टेलर राहतात, त्यांची नात अनवरी नीट दिसावं म्हणून भिंतीवर चढली आणि टेलिव्हिजन यायच्या आत स्वतःच खाली आली. पाय मोडला. मांडीपर्यंत प्लास्टर घालून पोरगी दुकानामागच्या खोलीत खाटेवर पडली.

मी सकाळी शेवयांची खीर घेऊन गेले. तिनं खिरीकडे बघितलंही नाही.

“अव्वा, समदी जानार बगाया. मी न्हाय.”

“तुझा आजा उचलून आणील की.”

“डाक्टर हलायचं न्हाय म्हनला.”

“मग अस्वल येईल इथं.” तोंडातून निघून गेलं.

पोरगी कोपरावर उठली. “खरं?”

“खरं.”

“शपत घे. अल्लाची नको, तुला ती लागू व्हायची न्हाय. तुज्या सिद्धरामाची घे.”

मी देवाच्या नावानं उपास करते, जप करते, पायी तळ्यावर सिद्धरामाच्या देवळात जाते. शपथ कधी घेत नाही. पण सहा वर्षांच्या पोरीनं धर्मशास्त्राचा एवढा बारीक विचार केल्यावर माघार कशी घ्यायची? घेतली. मग तिनं खीर खाल्ली.

आता अस्वल करणं भाग होतं. हे घोंगड्या घेऊन आले. काळ्याभोर, राठ, धनगराकडच्या खऱ्या. खाजाभाईंनी त्या जमिनीवर पसरल्या आणि खडू कानावर ठेवून विचारलं, “अण्णाराव, खिसे किती?”

“अस्वलाला कसले खिसे?”

“कपडा म्हनला की खिसा आला. उद्या लोक म्हनतील, खाजाभाई बुढ्ढा हो गया, खिसा इसरला.”

“बरं, ठेवा. बटणं पुढून लावा.”

“नक्को! म्होरनं लावली तर अस्वल न्हाई, शेरवानी होती. मागनं हूक.”

अस्वल नाहीतरी कपडे स्वतः घालणार कुठं, असा त्यावर त्यांचा खुलासा. तेव्हा दोन खिशांचं, पाठीवर हुकांचं अस्वल ठरलं. तोंडाला सोजरबाईंनी आपली बुरडाकडची टोपली दिली. त्या करमाळ्याकडच्या, त्यांच्या माहेरी केमला कुणीतरी अस्वलवाला येऊन गेला होता, त्यामुळे अस्वलाच्या बाबतीत त्यांचा शब्द गल्लीत शेवटचा. कान म्हणून हे टोपलीला बाटलीची बुचं लावायला निघाले होते, ते त्यांनी हाणून पाडलं आणि कापसाचे गोळे काळे करून लावले. नाकाला मात्र काही सुचेना. शेवटी त्या म्हणाल्या, “काळं वांगं लावा की! चकाकतंय कसं नाकावानी.”

हे खूश. मी चातुर्मासात वांगं सोडते. त्यावर सोजरबाई, “खायाचं न्हाय हो, लावायचं हाय. आन् तुमी कुटं अस्वल व्हनार हाय?”

हा प्रश्न त्यांनी उगाच विचारला असं मला अजून वाटतं.

परवानगीचंही झालं. त्या वर्षी चार माणसं जमायची म्हणजे आधी चौकीवर सांगावं लागायचं. हे गेले. फौजदारांनी विचारलं, “अस्वल जिवंत आहे का?”

“नाही, खोटं.”

“आणि विदूषक?”

“तो मी.”

फौजदारांनी यांना टोपीपासून चपलेपर्यंत बघितलं. “तो खरा दिसतो,” म्हणाले आणि जा म्हणून सांगितलं.

अस्वल व्हायला कबूल झाला होता महिपती, यांच्या कचेरीतला शिपाई. नातेपुत्याचा, तालमीत घडलेला, दारातून आडवा होऊन येणारा गडी. खाजाभाईंनी मापं त्याचीच घेतली होती. रविवारी दुपारी तो आला, पोशाख अर्धा चढवला, आणि तेव्हा यांनी त्याला गोष्ट सांगितली. विदूषक टपली मारतो, अस्वल पडतं.

महिपती थांबला. “पडतं म्हंजी? कोन पडतं?”

“अस्वल.”

“तुमच्या टपलीनं?”

“हो.”

“सायेब, गैरसमज नको. पर मी आखाड्यात पाट लावून घेतली न्हाय आजवर. भर गल्लीत तुमच्या हातनं आडवा झालो तर गावाकडं कंच्या तोंडानं जाऊ?”

“अरे, खोटं खोटं पडायचं!”

“खोटं पडन्यात तर जास्त बदनामी हाय. अस्वल जिकतंय असं करा, मग बोला.”

हे पेटले. मुंबईत विदूषकच जिंकतो, हवं तर सरकारला विचार! महिपतीनं पोशाख उतरवून नीट घडी घातली, मला वाकून नमस्कार केला आणि चालता झाला. त्याचं मला पटलं होतं. पण जेवण झालेलं होतं. बोलता येत नव्हतं.

मी तेव्हा आंघोळ करून मडीत, म्हणजे सोवळ्यात, दिव्याच्या वाती वळत बसले होते. यांनी घरभर फिरून बघितलं, खाजाभाईंकडे बघितलं (ते काठीसारखे), सोजरबाईंकडे बघितलं (त्या बोलल्याशिवाय श्वाससुद्धा घेत नाहीत), आणि मग माझ्याकडे बघितलं. लग्नानंतर इतकं निरखून पहिल्यांदाच.

“तुला बसेल हा,” हे म्हणाले.

मी अंगानं भरलेली आहे हे खरं आहे. पण पैलवानाच्या मापाचा पोशाख बसेल हे नवऱ्यानं शेजाऱ्यांसमोर बोलून दाखवायचं कारण नव्हतं. मी मान हलवली. जोरात हलवली. यांनी इतक्या वर्षांत माझ्या मानेकडे कधी लक्ष दिलेलं नाही, त्या दिवशी तरी का द्यावं? “गप्प आहेस म्हणजे तयार आहेस!” आणि पोशाख उचलला.

मी पदर आवरून मागं सरकले. सोजरबाईंना तेवढं बरोबर कळलं. “मडीत हायत त्या, शिवू नका!” मी मनातल्या मनात त्यांना आशीर्वाद दिला. तो देऊन होतोय तोवर त्याच म्हणाल्या, “पर घोंगडीला कसला इटाळ? लोकर हाय की! लोकरीला इटाळ न्हाय.”

शास्त्र त्यांच्या बाजूला होतं. देव माझ्या बाजूला असेल म्हणून मी देव्हाऱ्याकडे बघितलं, आणि मला शपथ आठवली. आज अस्वलच झालं नाही, तर अनवरीकडे जाणार कोण? मी वाती खाली ठेवल्या आणि हात वर केले. हूक सोजरबाईंनी लावले, टोपली खाजाभाईंनी बसवली. सोडलेलं वांगं माझ्या नाकासमोर टांगलं गेलं. वास घेतला तर नेम मोडतो का, याचा निर्णय मला अजून कुणी दिलेला नाही.

विदूषकाची तयारी आतल्या खोलीत चालली होती. मुंबईचा टेलिव्हिजन काळा-पांढरा, म्हणून विदूषकही काळा-पांढराच हवा, असा यांचा आग्रह. काळं काजळानं झालं. पांढऱ्यासाठी यांनी माझ्या देवघरातली भस्माची अख्खी गोळी उगाळून कपाळापासून गळ्यापर्यंत फासली. बाहेर आले तेव्हा सोजरबाईंच्या सासू, सारजाबाई, ओट्याच्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांना नीट दिसत नाही. भस्मानं माखलेली मूर्ती बघून त्यांनी तिथंच डोकं टेकलं. “म्हाराज, माज्या सुनंला चार शबुद कमी बोलायची बुद्दी द्या.”

हे भूमिकेत शिरले होते. हात उंचावून म्हणाले, “तथास्तु.”

सोजरबाई सासूशी दिवाळीपर्यंत बोलल्या नाहीत, तेव्हा आशीर्वाद अगदीच फुकट गेला असं नाही.

कार्यक्रम सुरू झाला. खोक्याच्या तोंडाला मच्छरदाणीचं कापड ठोकलं होतं, कारण खऱ्या टेलिव्हिजनमध्ये चित्र मुंग्या मुंग्यांचं दिसतं म्हणे. पोरं ओट्यापासून रस्त्यापर्यंत बसलेली. आत मी, हे, आणि श्रावणातला तो उकाडा. घोंगडी अशी चावत होती की मेंढ्यांची मला दया आली. टोपलीतून दिसायचं काही नाही. हे ओरडले, “बालमित्रांनो!” आणि मला टपली मारली.

मी पडले नाही. हट्टानं नव्हे, पडायला जागाच नव्हती. पुन्हा मारली. मी उभीच. पोरांना तेच आवडलं. “अस्वल पडंना! अस्वल पडंना!” असा गलका झाला. विदूषक दात खाऊन कुजबुजला, “पड की गं!” मौनात असलेल्या बाईला आज्ञा मिळाली तरी जागा मिळते असं नाही.

तेवढ्यात बाहेर एक नवा आवाज आला. “हा टेलिव्हिजन कोणाचा?”

तेव्हा रेडिओला लायसन लागायचं, तसं टेलिव्हिजनलाही लागायचं. अमुक गल्लीत टेलिव्हिजन आलाय ही बातमी लायसन तपासणाऱ्या साहेबांच्या कानावर गेली होती, आणि सोलापुरातला पहिला टेलिव्हिजन आपण पकडणार म्हणून ते सुट्टीच्या दिवशी सायकल मारत आले होते.

“माझा!” टेलिव्हिजनच्या आतून हे म्हणाले.

“लायसन दाखवा.”

“अहो, हा लाकडाचा आहे.”

“लाकडाचा असो नाहीतर चांदीचा. चित्र दिसतं ना? आवाज येतो ना?”

“येतो,” पोरं म्हणाली.

“मग लायसन पाहिजे.”

“साहेब, टीव्हीतला मानूस भायेरच्याशी बोलत नसतो,” पुढच्या रांगेतून कुणीतरी कायदा सांगितला. साहेब मच्छरदाणीला नाक लावून उभे राहिले. “आत दुसरं कोण आहे? नाव सांगा.”

मी गप्प.

“सरकारी चौकशी आहे. नाव!”

“अहो, ते अस्वल आहे,” हे कळवळून म्हणाले, “ते बोलत नाही.”

“मी बोलतं करतो,” म्हणत साहेबांनी मच्छरदाणी फाडून डोकं आत घातलं. त्याच वेळी मागच्या फटीतून, वांग्याच्या वासानं असेल, खाजाभाईंची शेळी चढून आली आणि तिनं माझं नाक खाल्लं. अंधारात आपल्या तोंडाशी दुसऱ्याचे दात वाजले की माणूस मागचा पुढचा विचार करत नाही. मी रेटा दिला. पैलवानाच्या मापाचा रेटा होता तो. खोका चारही अंगांनी कमळासारखा उघडला, आणि यांच्या टपलीनं न पडलेलं अस्वल स्वतःच्या मर्जीनं पडलं. साहेबांवर.

टोपली घरंगळत गटारीपर्यंत गेली.

पोरं उठून पुढं सरकली. मी साहेबांच्या छातीवर, केस सुटलेले, कुंकू फिसकटलेलं, आणि समोर माझ्या हातचा प्रसाद खाल्लेली सगळी पोरं. मग एक पोरगं ओरडलं, “आरं, अव्वा हाय!” आणि जो हशा उठला तो तळ्यावरच्या देवळापर्यंत गेला असेल. नवी पेठ तर जवळच आहे.

साहेब उठले, कपडे झटकले, मोडलेल्या फळ्यांकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, “नादुरुस्त सेटला लायसन लागत नाही.” माणूस सज्जन असावा. सायकल मात्र लंगडत घेऊन गेले.

मी घरात आले, पुन्हा आंघोळ केली. लोकरीला विटाळ नसेल. साहेबाला असतो की नाही हे सासूबाईंनी सांगितलेलं नव्हतं. दिवा लावला. हे दारात उभे होते, भस्म घामानं ओघळलेलं.

“इतकं सगळं झालं, तू एक शब्द बोलली नाहीस! त्यांना नुसतं नाव सांगितलं असतंस तरी...”

“मौन होतं,” मी म्हणाले.

“आज?”

“श्रावण लागल्यापासून. रोज, दुपारनंतर.”

यांनी काहीतरी आठवून बघितलं असावं. उंबऱ्यावर बसले. “मला कसं कळलं नाही?” एवढंच म्हणाले, आणि पहिल्यांदाच उत्तरासाठी थांबले. मी दिव्यात तेल घातलं.

थोड्या वेळानं त्यांचा आवाज परत आला. ती घोंगडी उद्याच्या उद्या उसवायची, या घरात अस्वलाचं नाव काढायचं नाही, हेडक्लार्कची बायको अस्वल झाली हे कचेरीत कळलं तर मेमोसुद्धा टाइप करायला कुणी ऐकणार नाही. मला ते पटत होतं. खिडकीखालून पोरं “अस्वलअव्वा, अस्वलअव्वा” करत पळत होती. तो पोशाख पुन्हा नजरेसमोर नको, असंच मलाही झालं होतं.

तोच खाजाभाई टोपली घेऊन आले. चेपलेली, पण धुतलेली. “भाभी, शेळीनं गुन्हा केला, माफी असावी.” मग घुटमळले. “अनवरी जेवंना झालीय. हसण्याचा आवाज तिकडंपत्तर आला. मी सांगितलं, अस्वल फुट गया, खतम. तर म्हनते, खतम कसं? अव्वानं सिद्धरामाची शपत घेतलीय.”

“पोर आहे, विसरेल,” हे म्हणाले.

खाजाभाई काही बोलले नाहीत. मीही नाही, आणि तेव्हा तर मौन नव्हतं.

दुसरा दिवस श्रावणी सोमवार. सकाळी तळ्यावर गेले, नारळ वाढवला. देवाकडे काही मागितलं नाही, त्यालाच काल पुरेसं बघायला मिळालं होतं. हे कचेरीत गेले. उपासाचं खाऊन झालं आणि तोंड मिटलं. मग मी देवाच्या नारळाची अर्धी करवंटी घेतली, काजळानं काळी केली आणि टोपलीला वांग्याच्या जागी दोऱ्यानं बांधली. पोशाखात शिरले. खाजाभाईंच्या खिशांत राजगिऱ्याचे लाडू टाकले. खिसा म्हातारपणानं नव्हता ठेवला, हे तेव्हा पटलं. हात मागं नेले. हुकापर्यंत पोचेनात.

दार लोटून सोजरबाई आल्या, सूप घेऊन, नेहमीच्या वेळेला. “अव्वा, काय सांगू, आमच्या म्हातारीनं...” आणि थांबल्या. उघड्या पाठीचं अस्वल बघितलं. टोपली बघितली. खिशाचा फुगवटा बघितला.

“अगं बया! पुन्यांदा? कुटं निगालाव?”

मी गल्लीच्या टोकाकडे मान वळवली.

सोजरबाईंनी तोंड उघडलं. तसंच मिटलं. सूप खाली ठेवलं, माझ्या मागं आल्या आणि खालपासून वरपर्यंत एकेक हूक लावला. न बोलता. मग टोपली उचलून माझ्या डोक्यावर नीट बसवली, एक कान वाकडा होता तो सरळ केला, आणि दाराची कडी काढून बाजूला झाल्या.

ऊन रणरणत होतं. ओट्यावर पोरं विटीदांडू खेळत होती. मी पायरी उतरले आणि खाजाभाईंच्या दुकानाच्या दिशेनं चालायला लागले.